व्होल्टेजच्या आधी

प्रयोगशाळेत तिला शंकाबाई म्हणत, आणि तिची त्याला हरकत नव्हती. हरकत घ्यायची तर नाव ठेवणारा शोधावा लागला असता, आणि शोधला असता तर तो विभागप्रमुख निघाला असता. सरांना आलेख आवडत. शंका त्यांच्या प्रकृतीला मानवत नसत.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. काही क्षार असे असतात की ते खोलीच्या साध्या उबेतही पातळच राहतात, मधासारखे. त्यांना वास नाही, वाफ नाही. झाकण उघडं राहिलं तरी थेंबभर कमी होत नाहीत. अशा आयनी द्रवात सोन्याचा पातळ पत्रा बुडवायचा, त्याला व्होल्टेज द्यायचं आणि बघत बसायचं. व्होल्टेज दिलं की द्रवातले कण पत्र्याभोवती थर लावून उभे राहतात. एक थर धनभाराचा, त्यामागे ऋणभाराचा, त्यामागे पुन्हा धनभाराचा. त्यांची ही धावपळ पडद्यावर करंटची उसळी म्हणून दिसते. आधी व्होल्टेज, मग उसळी. यात शंकेला जागा नव्हती, म्हणून तिला हे काम आवडे.

घरी मात्र शंकेला भरपूर जागा होती. पुढच्या आठवड्यात नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. नवरा निवृत्त भूगोलशिक्षक. तो म्हणे, काही नाही, नदीवरचं एक दार बदलायचंय. तिने प्रयोगशाळेत कुणाला हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर प्रत्येकाने आपापल्या ओळखीचा डॉक्टर काढला असता आणि दगावलेला एखादा मेव्हणाही.

त्या सकाळी उसळी आधी आली.

बटण दाबायला तिने बोट उचललं होतं, एवढंच. पडद्यावरची रेघ वर गेली, थोडी थांबली, सावकाश खाली उतरली. तिचं बोट अजून हवेतच होतं. मग तिने बटण दाबलं. काही झालं नाही. द्रवाने आपलं काम आधीच उरकून टाकलं होतं.

अशा वेळी जे करायचं ते तिने केलं. तारा बदलल्या. यंत्राचं घड्याळ तपासलं. बाहेरची वीज आत शिरायला नको म्हणून सेल, म्हणजे द्रव आणि पत्र्याचं ते भांडं, लोखंडी पेटीत ठेवला. द्रवाची नवी बाटली फोडली. उसळी आधीच येत राहिली, आणि दर खेपेला आणखी जरा आधी: पापणी लवायच्या अंतराने, मग खुर्ची ओढून बसायच्या, मग ती जिन्यावर असतानाच. सरांनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि वेळेचा अक्ष उलटा लागलाय असा निर्वाळा दिला. तो सुलट होता. तेव्हा ते म्हणाले की काही असो, आलेख सुरेख आलाय.

दुपारी ती कँटीनमध्ये गेली. ताट घेऊन बसली, तशी शेजारच्या टेबलांवरची माणसं तिच्याकडे वळली. मुद्दाम नाही, खुर्च्यांचे पाय किंचित घासले इतकंच. त्यांच्यामागची रांग पाठमोरी झाली. त्या रांगेमागची पुन्हा तिच्याकडे तोंड करून. बोलण्याचा आवाज खाली आला. प्रयोगशाळेतली काचभांडी धुणारी बाई, जिने आजवर तिला फक्त ‘चंबू फोडलात’ एवढंच ऐकवलं होतं, ती उठून आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

“काय झालं?” शंकाबाईने विचारलं.

“काही नाही हो.” बाई आपल्याच हाताकडे बघत राहिली. “उगीच वाटलं.”

शंकाबाईचा नवसासायासांवर विश्वास नव्हता, उसळीवर होता. उसळी कशाचं तरी उत्तर असते. घरी आल्या आल्या तिने नवऱ्याला सांगितलं की शस्त्रक्रिया पुढे ढकला. त्याने कारण विचारलं. द्रव नीट वागत नाहीये, ती म्हणाली. तो हसला. अगं, तुझा द्रव तिकडे पेटीत आहे, माझ्या छातीत नाही. डॉक्टर आधीच म्हणालेत, उशीर बरा नव्हे.

“माझ्यासाठी ढकला,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिने असं काही मागितलं नव्हतं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. डॉक्टर चिडले, पण महिनाभर पुढची तारीख मिळाली.

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली. व्होल्टेज देणारं यंत्रच तिने सोडवून कपाटात ठेवलं. फक्त मोजणारं राहू दिलं. आता दाबायला बटण नव्हतं, द्यायला काही नव्हतं, आणि घरची तारीखही टळली होती. रेघ सपाट राहायला हवी होती.

रेघ चढली. चढतच गेली, आणि या वेळी उतरली नाही.

तिने पर्स उचलली आणि घरची वाट धरली. म्हणजे तारखेशी संबंध नव्हता, तिच्या मनात येत होतं. म्हणजे आजच. तिने फोन लावला, नवऱ्याने उचलला नाही. फुटपाथवरची माणसं आपसूक बाजूला होत होती, आणि बाजूला होऊन तिच्याकडे वळत होती.

जिन्यात चपलाबुटांची रास होती. दार सताड उघडं होतं.

आत माणसंच माणसं. शेजारी, नवऱ्याचे जुने सहकारी, प्रवासाची बॅग पायाशी घेऊन बसलेली नणंद. आणि पुढच्याच रांगेत तो, चांगला ताठ बसलेला. तिचा जीव भांड्यात पडला.

“आलीस?” तो म्हणाला. “अगं, सकाळपासून एकेक जण येतोय. का आलात विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही.”

“तुम्ही बरे आहात ना?”

“मला काय झालंय? ठणठणीत आहे.” असं म्हणून त्याने डोळे पुसले, आणि ओल्या बोटांकडे नवलाने पाहिलं.

खोलीच्या मधोमध तिची वाचायची खुर्ची होती. रिकामी. पहिली रांग त्या खुर्चीकडे तोंड करून बसली होती, दुसरी पाठ करून, भिंतीलगतची तिसरी पुन्हा तोंड करून.

ती पुढे झाली. नणंदेने तिचा हात धरला, हळूच, आणि सरकून आपल्याशेजारी जागा केली.

“इथे बस, वहिनी.”

ती बसली. ती माझी खुर्ची आहे, असं तिला म्हणायचं होतं.

पण तिनेही डोळे पुसले, आणि का ते तिलाही सांगता येईना.