पिठावरचा खूर

भुताचा हसवणारा गेम बनवून राहिले म्हणता? बनवा. सागर, तो टॉर्च बंद कर, लाईट येईल तेव्हा येईल. सुमेध, ओट्याच्या कडेला बसू नको, आत सरक. माझ्या एका दोस्तानं, मयूरनं, असाच गेम बनवला होता. इथलाच, पांढुर्ण्याचा. त्यानं मला सांगितलं तसंच सांगतो.

मागच्या मार्गशीर्षातला शनिवार. संध्याकाळी मयूर माझ्या याच कॉम्प्युटरच्या दुकानात माऊस घ्यायला आला. जुना बिघडला होता आणि गेम जॅम चालू होता. जॅम म्हणजे स्पर्धाच. शुक्रवारी विषय देतात, रविवारी रात्रीपर्यंत गेम बनवून इंटरनेटवर चढवायचा. विषय होता घरातलं भूत. अट एकच, हसू आलं पाहिजे.

"भूत म्हणून कोणाले घेतलं बे?" मी विचारलं.

"भूत कोणी का असेना. गंमत मोठ्या बाबाची आहे," तो म्हणाला आणि हसला. ते हसू मला बरं वाटलं नाही.

मोठे बाबा म्हणजे पुंडलिकराव, त्याच्या बापाचे थोरले भाऊ. सौसर रोडला संत्र्याची बाग, घरात शब्द त्यांचाच. मयूरचा बाप पन्नाशी उलटली तरी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही. असे म्हातारे तुमच्याही घरी असतील. चूक ते करतात, भोगतात पोरी.

मयूरची मोठी बहीण दामिनी मोहगावला दिलेली. बाळंतपणाला माहेरी आली, पोरगी झाली, दवाखान्यातून घरीही आली. मग एका रात्री रक्त जायला लागलं. मयूरनं गाडी काढली. पुंडलिकराव दारात उभे राहिले. "आज अवस आहे. ओली बाळंतीण रातच्यानं उंबरा नाही ओलांडत. सकाळी नेऊ."

सकाळी न्यायला कोणी उरलं नव्हतं.

मग रीत सुरू. माणूस गेलं त्या जागी पीठ पसरतात, दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात. सकाळी पिठावर जो ठसा दिसेल तो पुढचा जन्म. पहाटे मयूर जागाच होता. दाराच्या फटीतून त्यानं पाहिलं. मोठ्या बाबांनी गुपचूप टोपली उचलली. पिठात काहीतरी उमटलेलं होतं. ते त्यांनी तळहातानं पुसलं, दोन बोटं टेकवून खूर काढला आणि मग घर जागं केलं. "गाय! गाय झाली! पोरगी सुटली!"

सगळे रडले आणि मोकळे झाले. दवाखान्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

हाच गेम. तुम्ही मेलेले. टोपलीखालच्या पिठात माऊसनं काहीही काढायचं. सकाळी मिशीवाला म्हातारा येतो, टोपली उचलतो, ओरडतो, "गाय!" हत्ती काढा, "गाय!" विमान काढा, "गाय!" अख्खं नाव-गाव लिहा, तरी "गाय!" आणि पुसून टाकतो. आवाज खुद्द मोठ्या बाबांचा. बैलबाजारात मयूरनं एका गाईकडं बोट दाखवून त्यांना "हे काय आहे?" असं वेड्यासारखं विचारलं होतं आणि खिशात रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. दुकानात मी पोट धरून हसलो.

पण घरी त्या रात्री हसण्यासारखं काही नव्हतं. रविवारी सकाळी मोहगावचे पाहुणे येणार होते. दामिनीच्या नवऱ्यासाठी धाकटीच्या, ऋतुजाच्या लग्नाची तारीख काढायला. तिचा नागपूरला नर्सिंगला नंबर लागलेला, सोमवारी हजर व्हायची शेवटची मुदत. मोठ्या बाबांचं एकच, "लेकराले माय पायजे." ऋतुजाला काय पाहिजे, हे विचारायची त्या घरात पद्धतच नव्हती.

पाहुण्यांसाठी बाकी खोल्या आवरलेल्या, म्हणून मयूर दामिनीच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसला. शेजारी ऋतुजा, डोळे सुजलेले. पलीकडं आई, उषाकाकू, दामिनीच्या लेकराला कुशीत घेऊन झोपलेली.

"दादा, मोठ्या बाबाचं पोट लहान केलं तू."

"मोठं केलं तर त्याले पीठच दिसत नाही ना."

ती हसली. कितीतरी दिवसांनी. माऊस सोडून ओढणीनं नाक पुसलं.

पडद्यावरच्या पिठात रेघ उठली.

"हलवू नको ना, ऋतू."

"मी कुठं हलवून राहिली?"

मयूरनं पाहिलं. तिचे दोन्ही हात ओढणीत. त्यानं माऊसची वायर उपटली.

रेघ चालूच. सावकाश. टाच. मग तळवा. मग पाच बोटं... बाईचं पाऊल. दुसऱ्या बोटाशी जोडव्याची खाच.

मिशीवाला म्हातारा आला. टोपली उचलली. वाकला.

...

"गाय" नाही.

दुसरा शब्द मयूरनं गेममध्ये घातलाच नव्हता. म्हातारा वाकलेला. तोंड उघडं. आवाज नाही.

"दादा," ऋतुजा हळू म्हणाली, "त्या दिवशी पिठात काय होतं? मोठ्या बाबानं पुसलं ते?"

"अंधार होता."

"काय होतं?"

"...पाऊल."

दुसरं पाऊल उमटलं. टोपलीच्या बाहेर. तिथं पीठ नव्हतं. नुसता काळा पडदा. तिथं काही उमटूच शकत नव्हतं.

तिसरं.

उजवीकडं. पडद्याच्या कडेकडं. त्या बाजूला खोलीचं दार.

मग पडद्यावर काही नाही.

बाहेर फरशीवर जोडवं वाजलं.

थांबलं...

पुन्हा वाजलं. थोडं पुढं.

ऋतुजा उठली. कपाटावरची बॅग काढली. कागद घेतले. मयूरनं गाडीची चावी उचलली.

समोरच्या खोलीत दाराला लागून मोठ्या बाबांची खाट. ते जागे होते. उठून बसलेले. आता ओरडतील. त्यांनी तोंड उघडलं.

...

काहीच नाही. ते ऋतुजाकडं पाहतच नव्हते. तिच्या पुढं पाहत होते. उंबऱ्यावर. रिकाम्या जागी. उभ्या माणसाच्या तोंडाकडं पाहावं तशी मान वर करून.

मग त्यांनी खाटेवरून लोंबणारे पाय वर घेतले. हळू. वाट दिली.

ऋतुजानं उंबरा ओलांडला.

काय रे सागर? गेम कितवा आला? नंबर गेला खड्ड्यात. ऐक.

मयूरनं तिला स्टेशनवर नेलं, नागपूरच्या गाडीत बसवलं. ती आज नागपूरलाच आहे, शिकते आहे. तो परतला तेव्हा उजाडलं होतं आणि दारात मोहगावची गाडी उभी होती. मोठ्या बाबांना आवाज परत आला होता. पाहुण्यांसमोर बापाला झापून राहिले होते. "पोट्टी पळाली! आता लेकराचं कोण करीन? माय कुठून आणू तिले? सांग ना, माय कुठून आणू?"

तेवढ्यात उषाकाकू लेकराला घेऊन बाहेर आली.

"हे कोणं केलं?"

पोरगी जागी होती. शांत. अंगाला कोमट तेलाचा वास. जावळ विंचरून बसवलेलं. डोळ्यांत काजळ, गालावर तीट. रात्री ती रडत होती, काकूनं तशीच झोपवली होती. काकूनं घरातल्या एकेका बाईला विचारलं. प्रत्येकीनं नाही म्हणून मान हलवली.

लेकरू कोणाच्या तरी खांद्यामागं पाहून हसलं. तिथं कोणी नव्हतं.

मोठे बाबा उठले. कोणाशी बोलले नाहीत. जवळ आले आणि तिटेला बोट लावलं.

काजळ ओलं होतं.