अंदाजापलीकडचं गाणं

“चहात…” एवढं म्हणताच श्रीरंगला ठसका लागला. तोवर स्वप्नाने साखरेचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

“मुंगी पडलीय,” तो ठसका आवरत म्हणाला.

“साखर कमी आहे म्हणालास ना?”

“मुंगी म्हणालो.”

स्वप्नाचा हात कानामागे गेला. “मला साखरच ऐकू आली. तुझ्या आवाजात.”

अमरावतीच्या मोहरील नवरा-बायकोच्या घरी कर्णबीज येऊन वर्ष झालं होतं. तापात स्वप्नाचे दोन्ही कान गेले आणि पुढची काही वर्षं तिने शांततेत काढली. मग कानामागच्या हाडात तांदळाएवढं हे यंत्र बसवलं आणि घर पुन्हा बोलू लागलं. आवाज चाळून मेंदूपर्यंत पोहोचवायला यंत्राला निमिषभर उशीर होई. तो भरून काढायला त्यात अंदाजक होता. बोलणाऱ्याची सवय शिकून पुढचे शब्द तो त्याच्याच आवाजात आधीच तयार ठेवी.

“तो बंद केला तर नुसती खरखर उरेल,” त्याच दुपारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टर इंगोलेबाईंनी सांगितलं. “घरच्या माणसाबद्दल तो सहसा चुकत नाही. अंदाज पार फसला, तरच तो गप्प बसतो आणि मूळ आवाज आत सोडतो.”

परतताना रिक्षात स्वप्ना म्हणाली, “म्हणजे वर्षभर मी तुला ऐकलंच नाही. तुझा अंदाज ऐकला.”

घरी येताच श्रीरंगने बाहेरचा आवाज अडवायला बेडरूमच्या खिडकीला गोधड्या टांगल्या. कॉलेजात असताना तो गाणी रचायचा. आता पुन्हा एक रचायचं, अंदाजकाला न सापडणारं, असं त्याने मनाशी पक्कं केलं. ते समोर बसून गायचं नव्हतं. ओठ दिसले की स्वप्ना स्वतःच शब्द जुळवायची. फोनवर ध्वनिमुद्रित केलेलं मात्र थेट कर्णबीजात उतरायचं.

रोपवाटिकेतल्या कामावरून आला की तो रोज लिहायला बसे. खोडून, घासूनपुसून त्याने पहिलं गाणं केलं. त्यात चांदणं होतं, विरह होता, श्वासाला विश्वासाचं यमक होतं.

“तुझी पहिली ओळ संपायच्या आत मला अख्खं कडवं ऐकू आलं,” स्वप्ना म्हणाली. “गोड आहे. पण हे कुणीही कुणालाही म्हणेल.”

मग त्याने हट्टाने वेडेवाकडे शब्द जुळवले. पंचांग, पाना, पपनस. या वेळी अंदाजक अधूनमधून फसला.

“एखाददुसरा शब्द तुझा आला,” ती म्हणाली. “पण तू मला काही सांगत नव्हतास.”

दुसऱ्या दिवशी तो खोलीत गेला तेव्हा हातात कागद नव्हता. त्याने बटण दाबलं आणि थांबला. काय गायचं, ते त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मग गळ्यातून आपसूक निघालं:

‘तू ऐकेनाशी झालीस तेव्हा
मी भांडी आपटायचो मुद्दाम,
तुझ्यासाठी नाही गं, माझ्यासाठी,
घरात कुणी आहे, हे कळावं म्हणून.’

शेवटच्या ओळीला सूर घसरला, आवाज चिरकला. हे आपण कधी कुणाला बोललो नव्हतो, स्वतःलाही नाही, हे त्याला गाता गाता कळलं. काहीही न पुसता त्याने फोन स्वप्नाच्या हाती दिला.

ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिने त्याचं मनगट धरलं.

“आधी काहीच आलं नाही,” ती हळूच म्हणाली. “मग तू आलास. इतका घोगरा झालायस?”

“वय झालं.”

“मला कुणी सांगितलंच नाही.” डोळे पुसून तिने गाणं पुन्हा लावलं. क्षणात तिचा चेहरा उतरला. “आता यंत्रच तुझ्याआधी म्हणतंय. सुरात. चिरकत नाही कुठे.”

श्रीरंग उठला. यंत्र एका ऐकण्यात शिकणार असेल, तर रोज नवं गायचं. त्याने फोन घेतला आणि गोधड्यांच्या खोलीकडे निघाला.

“श्रीरंग,” स्वप्नाने मागून विचारलं, “माझ्याजवळ न बोललेलं असं अजून किती आहे तुझ्यापाशी?”