पलीकडं कुणी ऐकतंय का

काम तसं साधंच होतं. खाणीचं नेटवर्क वेगळं, रेल्वेचं वेगळं. दोन्हींमधला मल्टिकास्टचा रस्ता पुन्हा जोडायचा. म्हणजे खाणीतला माणूस वॉकीटॉकीवर एकदाच बोलला, की पलीकडं स्टेशनात ज्यांनी ज्यांनी ऐकायची मागणी लावलीय, त्या सगळ्यांना ते ऐकू जावं. त्यासाठी दोन्हींकडच्या राउटरांनी एकमेकांना कळवत राहायचं, की आमच्याकडं अमुकजण बोलतोय. एकानं जरी तोंड मिटलं, तरी सगळं मुकं.

खाणीकडून नौफल आला होता, रेल्वेकडून लझहर. लहानपणापासूनचे दोस्त. स्टेशनच्या यंत्रांच्या खोलीत दोघं लॅपटॉप उघडून बसले. बाहेर वाळवंटातला वारा सुटला होता. भर दुपारी खिडकी आधी पिवळी पडली आणि बघता बघता काळवंडली. खाणीतल्या फॉस्फेटची धूळ दाराच्या फटीतून आत यायला लागली.

"यम्मानं कुसकुस पाठवलाय तुला," नौफल आईनं दिलेला जेवणाचा डबा सरकवत म्हणाला.

"दर आठवड्याला! लाजवता बुवा तुम्ही मला, नौफल्या."

"तू केलंस ते सख्खा भाऊही करणार नाही."

गेल्या वर्षीची गोष्ट. नौफलचा धाकटा भाऊ बशीर रुळावर अडकलेली ट्रॉली ढकलताना मालगाडीखाली गेला. त्यानं वॉकीटॉकीवर हाका मारल्या, पण स्टेशनात काही पोचलंच नाही, असं सगळे म्हणाले. चौकशीआधी लझहरनं नौफलला कोपऱ्यात घेतलं होतं. "तुझ्या राउटरच्या सेटिंगमध्ये एक ओळ चुकली होती, भावा. मी पुसून टाकलीय. कुणाला कळणार नाही." तेव्हापासून नौफलला धड झोप नव्हती. आईच्या नजरेला नजर देत नव्हता. आपल्याच हातानं भाऊ मारला, हे उरावर घेऊन तो जगत होता, आणि वर लझहरचे उपकार मानत होता. काय म्हणावं असल्या भोळेपणाला!

जोडणी लागली. खाणीत आज संप, चिटपाखरू नव्हतं. तरीही पडद्यावर खबर आली, की खाणीकडून एक जण बोलतोय. नौफलनं तो पत्ता दोनदा वाचला. बशीरच्या हँडसेटचा होता. आणि तो हँडसेट घरी कपाटात पडला होता, चेपलेला, बॅटरी नसलेला.

"लझहर... हे काय आहे?"

"जुना कचरा असेल. पुसून टाक."

"पुसून काय होणार? तुमच्याकडं कुणीतरी मागणी लावलीय ऐकायची. म्हणून येतंय."

टेबलावरच्या लझहरच्याच बिनतारी संचातून खरखर सुरू झाली. खोलीत तापलेल्या ब्रेकचा जळका वास पसरला.

"लझहर... ऐकतोयस ना?" आवाज बशीरचा होता. धापा टाकणारा. "गाडी थांबव... ट्रॉली हलत नाही रे..."

लझहरनं झडप घालून संचाची वायर उपटली. आवाज तसाच येत राहिला.

"मघाशी थांब जरा म्हणालास... थांबलोय... अजून थांबलोय, लझहर..."

नौफल सावकाश वळला. "पोचलं होतं तुझ्यापर्यंत?"

"मॅच चालू होती रे... पेनल्टी लागली होती... मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा करतोय. अल्लाशपथ, एकच मिनिट..."

"आणि माझी चुकलेली ओळ?"

लझहरनं हातातली वायर खाली टाकली.

"नव्हतीच ना?"

"नोकरी गेली असती, नौफल. पोरं लहान आहेत माझी..."

"वर्षभर माझ्या आईच्या हातचं खाल्लंस. घशाखाली उतरलं कसं रे, मेल्या?"

नौफलनं डबा उचलला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाऊ गेला तेव्हाही तो इतका एकटा पडला नव्हता.

"हा आवाज बंद करून जा!" लझहर किंचाळला. "तुझ्या बाजूनं तोड रस्ता! नौफल!"

नौफलनं रस्ता तोडला नाही. दार ओढून घेतलं आणि तो धुळीत चालता झाला.

घरी आईनं भरलेला डबा पाहिला. "जेवला नाही का लझहर?"

"यम्मा, बशीर माझ्या चुकीनं नाही गेला."

"तुझ्या चुकीनं? असं कोण म्हणालं तुला?" ती त्याचा हात धरून तिथंच खाली बसली.

तेवढ्यात कपाटात खरखर झाली. नौफलनं दार उघडलं. चेपलेला हँडसेट उघडा पडलेला, बॅटरीची जागा रिकामी. हात लावला तर गरम.

"कुणी ऐकतंय का?..." हा आवाज बशीरचा नव्हता. लझहरचा होता. "नौफल... दार उघडत नाहीये... तो आत आलाय रे... नौफल..."

नौफलनं हँडसेट तोंडाजवळ धरला.

"थांब जरा," तो म्हणाला. आणि हँडसेट आत ठेवून कपाटाला कुलूप लावलं.