डावी पापणी

आमची पहिली भेट बर्फाच्या डब्यावरून झाली. लहान बाळांच्या हृदयाचं ऑपरेशन करताना वर बसलेली थायमस ग्रंथी आड येते, म्हणून तिचा तुकडा काढावा लागतो. तो फेकून न देता आमच्या प्रयोगशाळेत पाठवत. त्या दिवशी डबा घेऊन ऑपरेशन थिएटरमधला नवा ब्रदर आला, सही घेतली आणि जाता जाता... चक्क डावा डोळा मारला!

मी लाजून चूर. सही भलत्याच रकान्यात झाली होती.

पुढे डबा आला की तो पाच मिनिटं रेंगाळायचा. सगळे त्याला ‘ब्रदर’ म्हणत. माझ्या तोंडून तो शब्द काही केल्या निघेना.

"या तुकड्यात एवढं काय बघता, मॅडम?"

"परीक्षा. शरीराची राखण करणाऱ्या टी-पेशी इथे तयार होतात. प्रत्येकीला एक रिसेप्टर असतो – चाचपून बघायचा हात समजा. त्या हाताला आपलं माणूस ओळखताच आलं नाही, तर ती पेशी मरते. फार घट्ट धरलं तरी मरते. उद्या आपल्यावरच उलटेल ना!"

"मग पास कोण होतं?"

"हलकेच धरणारी. शंभरात दोन-तीन."

"अवघड आहे बुवा..." निघताना त्याने माझी बोटं हलकेच धरली. "झालो पास?"

झाला होता. पण मी बोलले नाही – पुढच्या डब्याला सांगू, पुढच्या डब्याला सांगू...

डावी पापणी आता रोज मिटायची, संध्याकाळी जास्तच. मला वाटे, स्वारी भलतीच रंगात आलीय! एकदा म्हणाला, "आज मला दोन-दोन तू दिसतेयस."

"आधी एक तरी सांभाळ," मी म्हटलं.

मग एका दुपारी त्याच्या हातून डबाच सुटला. फरशीभर बर्फ. आमच्या विभागप्रमुख बाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. "अगं, याची पापणी पडलीय. तुला दिसली नाही?"

दिसली होती. आठ महिने तीच तर बघत होते. थायमसमधली परीक्षा बिघडली की नापास पेशी बाहेर सुटतात, शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उठतं, आणि बहुतेकदा आधी पडते ती पापणी. हे मी दुसऱ्यांना शिकवते! काखेत कळसा नि गावाला वळसा. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

त्याच्या थायमसमध्ये गाठ निघाली, फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत पसरलेली. श्वासाचे स्नायूही थकले. आज सकाळी डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितलं, आता आशा धरू नका. त्या माउलीने डोळे पुसले आणि मलाच आयसीयूत ढकललं. "जा बाई. तुझीच वाट बघतोय."

घशात नळी होती, बोलणं बंद. मी त्याचा हात हातात घेतला, सलाइनची सुई दुखू नये म्हणून अगदी हलके.

"मला वाटायचं, तू डोळा मारतोस... मूर्ख मी. वेळीच ओळखलं असतं तर –"

त्याने खुणेने कागद मागितला. वाकडीतिकडी अक्षरं उमटली. ‘पहिल्या दिवशी मारलाच होता.’

मला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. "माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी एकदाची बोलले.

तो बराच वेळ लिहीत होता. ‘घट्ट धर. नापास झालीस तरी चालेल.’

मी घट्ट धरला. त्याच्या बोटांत उलट दाबायचं बळ उरलं नव्हतं.