रेकॉर्ड रूममधून आलेली ओ

जे लिहितेय ते घडलेलं आहे. यातलं एक नाव मी लिहिणार नाही. का, ते वाचत गेलात की कळेल. ऑफिस कोणतं, तेही सांगणार नाही. तिथल्या माणसांची यात काही चूक नाही.

मी आचल. राहते अमरावतीला, माहेर अकोल्याचं. ही गोष्ट यंदाच्या एप्रिलमधली, अकोल्यातली. रात्रीची नाही... भर दुपारची.

रेवा माझी मुलगी, दीड वर्षाची. लोक तिला माझं पहिलं बाळ समजतात.

पहिलं ती नाही.

तिच्याआधी मुलगा झाला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी अकोल्यात होते. तो एक रात्र जगला. मी शुद्धीवर आले तेव्हा पाळणा रिकामा होता. बाबांनी त्याला दुपट्यात गुंडाळून नेलं होतं. आमच्याकडे इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि कुठे पुरलं ते आईला सांगत नाहीत. सांगितलं तर तिचं मन तिथेच बसून राहतं म्हणे.

बाबांना मी खूप विचारलं. ते "जाऊ दे न बेटा" म्हणून उठून जायचे.

मागच्या वर्षी बाबाही गेले. ती जागा फक्त त्यांनाच माहीत होती.

यंदा आई फोनवर सहज बोलून गेली, की आमच्याकडची लहान लेकरं जिथे पुरतात, त्या तिकडच्या दफनभूमीत झाडं लावणार आहेत. खड्डे खोदणं सुरू होणार.

त्या दिवसापासून मला खड्डेच दिसायचे. रेवाला भरवताना. कपडे वाळत घालताना.

कुदळ नेमकी कुठे पडेल?

पियुष, माझा नवरा, म्हणाला, "माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. दफनाची नोंद असेल तर दाखवावीच लागते."

झाडं चांगलीच. मला फक्त ती जागा हवी होती. एकदा हात टेकवायला. आणि खणणाऱ्याला सांगायला, की इथे नको.

मार्चमध्ये रेवाला घेऊन अकोल्याच्या त्या ऑफिसात गेले. अर्ज लिहूनच नेला होता, कोर्ट फी स्टॅम्प लावून. खिडकीत नत्थुजी नावाचे क्लार्क होते. रिटायरमेंटला आलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी अर्ज वाचला आणि परत सरकवला.

"ताई, लेकराचं नाव?"

"ठेवलंच नव्हतं. एका दिवसाचा होता."

"मंग आमी काय शोधाव? नुसतं बाळ म्हून शोधलं त सारं गावच निंगते. कायतरी लिहा."

मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "लिवा न ताई, जेवाची सुट्टी होऊन राहिली."

मी लिहिलं.

एक नाव होतं. तो पोटात असताना मनात ठरवलेलं. पियुषलाही कधी सांगितलं नव्हतं.

माहेरी येऊन आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिचा हात थांबला.

"नाव काहून देल्लं तू त्याले?"

"त्यांनी मागितलं आई."

"बिना बारशाच्या गेलेल्या लेकराले नाव देत नाईत. बिननावाचं असलं का ते आपल्या वाटेनं जाते. नाव भेटलं का मंग हाकेची वाट पायते."

"आई, मी बीएस्सी झालेय."

"मले माईत हाय. फी मीच भरली."

तव्यावरची पोळी करपली, तरी तिचं लक्ष नव्हतं.

एप्रिलमध्ये पत्र आलं. कागद बघायला या. आई सोबत चालली. का येतेस विचारलं, तर म्हणाली, "मी येतो तं येऊ दे न."

व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. रेवा माझ्या खांद्यावर झोपलेली. ऊन असं, की भिंतीला पाठ टेकवत नव्हती.

मग लाइट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. सगळा व्हरांडा गप्प झाला.

नत्थुजी आले. रेकॉर्ड रूमचं कुलूप उघडलं. दारात उभं राहून हातातला कागद डोळ्यांजवळ नेला. तिथे अर्जदाराला नावाने बोलावत नाहीत. ज्याची नोंद मागितली, त्याचं नाव पुकारतात.

त्यांनी माझ्या बाळाचं नाव पुकारलं.

मोठ्याने. त्याला कोणीतरी पहिल्यांदा हाक मारली.

आणि...

"ओ..."

बारीक आवाज. चार वर्षांच्या पोराचा असतो तसा. तो असता, तर आता चारचाच असता.

आवाज व्हरांड्यातून आला नव्हता. नत्थुजींच्या पाठीमागून आला होता. आतून.

ते वळले. "कोनाचं पोट्टं घुसलं रे आत? फायली पाडशीन." आणि आत गेले. रॅकच्या मागून त्यांचं बोलणं येत राहिलं. "निंग बाहीर. निंग म्हनतो न..."

मग बोलणं बंद झालं.

बाहेर आले तेव्हा चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला होता. "कोनी नाई," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुमची पोरगी बोलली असन."

रेवा झोपेतच होती. तिला ओ द्यायला अजून येतही नाही.

आईने माझा दंड धरला. तिची बोटं थंडगार होती... त्या उन्हात.

नत्थुजींनी त्या वर्षाच्या नोंदी काढून दिल्या. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. तो महिना. त्याच्या आधीचा. नंतरचा. त्याचं काहीच नव्हतं.

"एवढ्या लहान लेकरायचं लोक लिहूनच देत नाईत ताई," नत्थुजी हळूच म्हणाले. "येतात, पुरतात, रडत जातात."

"खिडकीवर गेलं का नाव इचारतात," आई म्हणाली. "म्हून गेले नसतीन तुहे बाबा."

अमरावतीच्या बसमध्ये, मूर्तिजापूर मागे पडल्यावर रेवा उठली. तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती. मी हळूहळू बोटं सोडवली.

आत माती होती.

काळी... ओली.

दिवसभरात मी तिला एकदाही खाली ठेवलं नव्हतं.

घरी आल्यावर दोन दिवस काही नाही. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून मी रेवाला हाक मारली.

"ओ..."

गॅलरीतून.

रेवा माझ्या पायाशीच बसली होती, चमचे घेऊन. ती गॅलरीकडे बघून हसली. हातातलं अर्धं बिस्किट तिकडे धरलं.

पियुष म्हणतो, शेजारचं पोरगं असेल. शेजारचा फ्लॅट होळीपासून बंद आहे.

आईला फोन केला. ती म्हणाली, "हाक मारू नोको. त्याचं नाव मनातबी घेऊ नोको. वाट पाऊन पाऊन थकन, न आपल्या वाटेनं निंगून जाईन तो."

तेव्हापासून मी रेवालाही हाक मारत नाही. जवळ जाते, खांद्याला हात लावते. आमचं घर फार शांत झालंय.

तरी रोज दिवेलागणीला एकदा ओ येते. कोणी बोलावलेलं नसताना. लेकरू आपलंच ओ देतं... आणि थांबतं.

या आठवड्यात आवाज लांबून यायला लागला. आधीपेक्षा बारीक.

आईला सांगितलं. "थकत आलं," म्हणाली. "बरं झालं."

ऑफिसचं लेखी उत्तर आलंय. या नावाची नोंद आढळून येत नाही. पटत नसेल तर अपील करता येतं. त्याची मुदत संपत आलीय. तिकडे खड्डेही सुरू झालेत.

अपील केलं, की ते नाव पुन्हा पुकारलं जाईल.

अर्ज लिहून ठेवलाय. तारीख, पत्ता, सही, सगळं झालंय. नावाची जागा तेवढी कोरी आहे.

हे लिहीत असताना रेवा खेळणं सोडून गॅलरीच्या दाराशी जाऊन बसलीय. हातात बिस्किट आहे. ती खात नाहीये.

दिवे लागून बराच वेळ झाला.

आज ओ आलेली नाही...