डाव्या बाजूचं वजन

धोंडिरामआप्पांनी उभी हयात मदुराईला गलाईच्या दुकानात सोनं वितळवण्यात घालवली आणि म्हातारपणी विट्याला परतले ते दोनच सीटांची, टप उघडणारी लाल गाडी घेऊन. गाव हसलं. गाडीचं इंजिन पुढं नव्हतं, पार मागंही नव्हतं; सीटांच्या पाठीला लागून, गाडीच्या पोटात होतं. नाकाखाली भाजीची पिशवी मावेल एवढीच जागा. गतिरोधक आला की गाडी तिरकी घालायची, नाहीतर तळ घासायचा.

त्यांच्या बायकोला, मंगलला, मात्र ती पहिल्या दिवसापासून आवडली. तिची कंबर कायम दुखायची आणि इंजिनाची ऊब पाठीला लागायची. "शेकाय बसल्यावानी वाटतंय," म्हणायची. जन्मभर ज्या नवऱ्याशी फोनवर संसार केला, त्याच्या शेजारी बसून ती टप उघडा टाकून खानापूर, औंध, मायणी हिंडली. पाठीमागं इंजिन घुमायचं, बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि दोघं ओरडून बोलत हसत जायची. गेल्या श्रावणात ती गेली.

"आप्पांचं वय झालंय, गाडी विकून टाक," आप्पांच्या मुलीला, मायाला, मदुराईहून थोरल्या भावाचा, दिग्विजयचा, फोन आला. माया पुण्याला नव्या गाड्यांच्या चाचण्या घेणारी इंजिनिअर. शनिवारी ती आपल्या साध्या हॅचबॅकनं विट्याला आली आणि म्हणाली, "आधी चालवून तर बघते."

सकाळच्या उन्हात, टप उघडून, ती एकटीच रेणावीच्या घाटाकडं निघाली. पुढच्या चाकांवर ओझं नसल्यानं स्टिअरिंग फुलासारखं हलकं. मनात वळायचं आलं की नाक वळलेलं असायचं. वळणात गाडी ना पुढून बाहेर ओढत होती, ना मागून घसरत होती. चालवणाऱ्याच्या कमरेभोवती फिरत होती. मायाला हसू फुटलं. आप्पांची निवड पक्की होती.

तिसऱ्या वळणाला तिचं हसू मावळलं.

एकटा माणूस बसला की अशी हलकी गाडी उजवीकडं जराशी दबते. ही दबत नव्हती. डावी बाजू भरलेली होती. शिवाय दरी डावीकडं आली, की ते वजन वळणाच्या किंचित आधीच आत, तिच्याकडं सरकत होतं. सामान असं सरकत नाही. सामानाला पुढचं वळण दिसत नाही.

तिनं गाडी थांबवली. सीट रिकामी होती.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "आप्पा, डावीकडची स्प्रिंग बदललीत का?"

"न्हाई बा," आप्पा कापडानं काच पुसत म्हणाले. "घाटात हळू घेतलीस न्हवं? दरीचं लय भ्या वाटतंय तिला."

दुःखात माणूस असं बोलतो, हे मायाला कळत होतं. पण वजन तिला स्वतःला जाणवलं होतं.

दुपारी ती गाडी घेऊन कुपवाडला गेली. तिथं तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं, क्रांतीचं, गाड्या दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. क्रांतीनं स्प्रिंगा पाहिल्या, सांधे ठोकून पाहिले. सगळं जागच्या जागी. मग चार चाकांखाली चार वजनकाटे सरकवले. रिकाम्या गाडीचं वजन बरोबर भरलं.

"आता बस तू."

माया बसली. उजवीकडचे आकडे चढले. क्षणभरानं डावीकडचेही चढू लागले. सावकाश. कंबर सांभाळत कुणी टेकावं तसे.

"तू एकटीच बसलीयास न्हवं?" क्रांतीनं विचारलं.

"हो."

"काटा बिघडला असंल," क्रांती म्हणाली. पण तिनं गाडीवरचा हात काढून घेतला होता.

परत येताना मायानं प्रत्येक वळण जपून घेतलं.

रात्री तिनं दिग्विजयला कळवलं, "गाडी उत्तम आहे. आप्पांकडंच राहू दे."

दुसऱ्या दिवशी जेवून ती पुण्याला निघाली. आप्पा आत पाणी प्यायला गेले होते. माया लाल गाडीपाशी घुटमळली. डाव्या दारावर हात ठेवून, इकडंतिकडं कुणी नाही असं पाहून, हळूच म्हणाली, "आई, माझ्याकडं पण ये की एकदा. नुसतं येते येते म्हणालीस."

मग स्वतःशीच हसून ती आपल्या गाडीत बसली.

कराड गेलं. उंब्रजच्या पुढं महामार्ग वळला आणि तिला डावीकडं वजन जाणवलं.

तेवढ्यात आप्पांचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"माया, औंधाकडं निगालोय गं. गाडी आज लय हलकी पळायलीया." मागं वारं वाहत होतं. "ऱ्हाऊ दे तिला चार दिस तुझ्याकडं. मग धाड माघारी."

फोन बंद झाला.

मायानं डावीकडं पाहिलं नाही. बाहेर धूळ होती, म्हणून शेजारच्या सीटची काच तेवढी बटण दाबून वर घेतली.

थोड्या वेळानं काच अर्धी खाली आली.