चौथी गाडी

"मी शेवटचं विचारून राहिलो. चौथी गाडी कुणाला दिली होतीस?"

गाड्यांचं काम बघणाऱ्या विश्वंभरनं काउंटरवर हात आपटला. कागदी कप कलंडला, चहा टेबलाच्या कडेवरून ठिबकू लागला, पण पुसायला कुणीच हललं नाही.

"कुणालाच न्हाई, सर. अल्ला कसम." कहकशा म्हणाली.

"मग काय एकटीच हिंडून आली ती? बॅटरी उतरलेली. पाय ठेवायची फळी पांढऱ्या मातीनं भरलेली. आन् हे पाय कुणाचे उमटलेत? अनवाणी! मैत्रिणींना फुकट फिरवतीस व्हय?"

"तोंड सांभाळ," सोजराबाई मधे पडली. "पोरगी खोटं बोलत न्हाई. मी होते ना संगं."

"तुमी मधे पडू नका, बाई. तुमचं फिरणं झालं, आता घरी जा." त्यानं कहकशापुढं तळहात पसरला. "चावी दे इकडं. उद्यापासून यायचं न्हाई."

कहकशानं गळ्यातली चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. रडली नाही.

त्या चावीचं मोल काय, ते आधी सांगितलं पाहिजे. हिंगोलीबाहेर दुष्काळातलं जुनं तळं आहे. त्याच्याभोवती आता मोठी बाग केलीय. झाडं, फरशीच्या वाटा, तळ्याच्या भिंतीवरून गोल रस्ता. बाग एवढी अफाट की पायी फिरायचं म्हटलं तर म्हातारं माणूस अर्ध्यातच बसेल. म्हणून तिथं चार सेगवे आणल्यात. दोन चाकं, मधे पाय ठेवायची फळी, समोर धरायला दांडा. वर उभं राहायचं आणि निघायचं. पुढं वाट दाखवायला एक माणूस असतं, ती कहकशा. शिरड शहापूरच्या चाँद पाशा शिंप्याची लेक. बापानं तिला एकाच बोलीवर कामाला सोडली होती, की एक जरी तक्रार घरी आली तरी परत उंबऱ्याच्या आत. चावी गेली की पोरीचं सगळं बाहेरचं जगच गेलं.

आणि सोजराबाई? ती डोंगरकड्याची. सत्तरीला टेकलेली, काष्ट्याचं लुगडं, आवाज असा की पलीकडच्या शिवारातला गडी वळून बघेल. शाळेत एक दिवस गेली नाही. दुकानांच्या पाट्या आणि पुड्यांचे कागद वाचत वाचत अक्षरं शिकली, आणि मग कुणाला सोडलं नाही. भुतंखेतं, नवससायास, अंगात येणं, सगळ्याला तोंडावर हसायची. ती आली होती तळं बघायला. कारण ते तळं तिनं खोदलं होतं. एकटीनं नाही, पण खोदलं होतं.

दुपार कलताना ती नात ऐश्वर्याला घेऊन बागेत शिरली. फाटकाजवळच, बाभळीखाली, तारेच्या कुंपणात खडीचा एक ढीग ठेवलाय. शेजारी पाटी. सोजराबाईनं ती मोठ्यानं वाचली.

"दुष्काळात या तलावाचे काम शासनाने केले." ती थांबली. पुन्हा वाचली. "शासनानं? शासनानं टोपलं उचललं व्हतं का डोक्यावर? ऐश्वर्या, ह्या ढिगातला एकेक खडा बायांच्या हातानं फुटलाय. माझ्या बी हातानं."

"आजी, हळू बोल, लोक बघतेत."

"बघू दे. त्यासाठीच बोलून राहिले."

काउंटरवर विश्वंभरनं तिचं वय बघून नाक मुरडलं. तिनं त्याला एवढंच विचारलं, "तुझी आई टोपलं उचलायची का कधी डोक्यावर? मग घरी जाऊन तिला तोल म्हंजे काय ते इचार." त्यानं मुकाट्यानं तिकिटं फाडली. मग मान वर करून बघितलं आणि थबकला.

"कहकशा धरून तिघीच? थांबा. तिघांनी मिळून निघू नये. आमच्या कनेरगाव नाक्याला अजून पाळतेत."

आपल्याकडं ही रीत आहे. तिघं कामाला निघाले की वाटेतला एक खडा उचलायचा, 'तू चौथा' म्हणायचं आणि सोबत घ्यायचा. तो माणसात धरला जातो. परत आल्यावर ज्या हातानं उचलला त्याच हातानं जिथला तिथं ठेवायचा, की झाली त्याची सुटका.

"असलं समदं आमी कवाच सोडलंय," सोजराबाई म्हणाली.

"तुमी सोडलं असंल. काही झालं तर बोल माझ्यावर येतो." विश्वंभर खडा शोधू लागला. पण बागेत सगळीकडं फरशी आणि हिरवळ, खडा कुठला? तेव्हा तो सरळ बाभळीखाली गेला, तारेतून हात घातला आणि त्या ढिगातला एक उचलून आणला. समोर सगळ्या बायाच, म्हणून हसत म्हणाला, "चल गं, तू चौथी."

कहकशाच्या गाडीच्या दांड्याला छोटी पिशवी होती. तिच्यात खडा टाकून त्यानं चेन लावली. बाभळीच्या शेंड्यावर वारा नव्हता, तरी एक वाळकी शेंग सुटून खाली पडली. तेवढंच.

"आजी, आता नीट ऐका," कहकशानं सोजराबाईच्या पदरावरून हेल्मेटचा पट्टा बांधला. "हिला गिअर न्हाई, ब्रेक न्हाई. तुमी पुढं झुकलात की ही चालते, मागं रेललात की थांबते. तुमच्या अंगाचं ऐकते ही. फक्त पायाकडं बघू नका. मान ताठ, नजर लांब."

सोजराबाई तिच्याकडं बघतच राहिली. हे शब्द तिनं आयुष्यात आणखी एकदाच ऐकले होते, ह्याच जागी, ह्याच मातीवर. तेव्हा ती चौदा-पंधराची पोर होती आणि पहिलं टोपलं डोक्यावर घेताना तिचे पाय लटपटत होते. कामावरच्या पार्वतीनं तिच्या हनुवटीखाली बोट लावून मान वर केली होती. म्हणाली होती, "पायाकडं नको बघू, सोजरे. मान ताठ, नजर लांब."

पार्वती! काय बाई होती ती. भरलं टोपलं डोक्यावर, हात मोकळे, अनवाणी पायांनी भिंतीचा चढ चढायची, आणि मातीचा कण खाली पडत नसे. मुकादमसुद्धा काम थांबवून बघायचा. एका उन्हाच्या दिवशी ती फाटकाजवळच्या ह्याच बाभळीखाली टेकली ती उठली नाही. बाया हाक मारत जवळ गेल्या. डोळे उघडे होते, अंग गार होतं, आणि डोक्यावर टोपलं तसंच होतं. सरळ. न सांडलेलं.

सोजराबाई गाडीवर चढली आणि एका दमात तिला तोल सापडला. कहकशाच्या तोंडून "माशाल्ला!" निघालं. ऐश्वर्या कठड्याला दोनदा धडकली, पण आजी अशी निघाली जशी जन्मभर त्या फळीवरच उभी होती. तिला पोरीचं कौतुक वाटत होतं, गाडीचं वाटत होतं, बागेचंही. कडुलिंबाच्या रांगा, मधे गुलाबाचे ताटवे, पुढं पाण्यावर उतरलेलं लालसर ऊन. कहकशा पुढं राहून एकेका झाडाचं नाव सांगायची. वळण आलं की हात वर करायची. उतार आला की मागं वळून प्रत्येकीच्या पायाकडं एक नजर टाकायची. एवढीशी पोर, पण तिच्या मागून जाताना भरवसा वाटत होता. सोजराबाई मनात म्हणाली, मुकादम असावा तर असा.

तळ्याच्या भिंतीवर आल्या तेव्हा दिवस बुडत होता. थंडीतला दिवस, बुडायला लागला की लगेच बुडतो. पाण्यावरून धुकं उठलं आणि वाटेच्या दोन्ही कडा पुसट झाल्या. माणूस कुणी नव्हतं. पाखरं गप्प झाली. फक्त गाड्यांची गुणगुण, भुंग्यासारखी, एकसारखी.

आणि वास आला. सोजराबाईनं तो आधी ओळखला नाही, मग अंगावर काटा आला. गूळ आणि भाजलेल्या पिठाचा. दुष्काळी कामावर वाटायचे त्या सुकडीचा.

कहकशानं हात वर केला. तिघी थांबल्या. तिघींच्या गाड्या गप्प झाल्या.

गुणगुण थांबली नाही.

ती मागून येत होती. सावकाश, न चुकता. जवळ आली… आणि थांबली.

"ऐश्वर्या, नीट उभी राहा," सोजराबाई हळूच म्हणाली.

"आजी… मी तुझ्या पुढं हाय."

कहकशा वळली होती. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना दिसलं. "आजी… मागं बघू नका."

न बघायला ती सोजराबाई कसली? तिनं मान वळवली. भिंतीवर, धुक्यात, चौथी गाडी उभी होती. वर कुणी नव्हतं. दांडा जरासा पुढं कललेला, जसा कुणीतरी धरल्यावर कलतो. चाकं जागच्या जागी स्थिर.

"कुणी वर असल्याशिवाय ही उभीच राहत न्हाई," कहकशा कुजबुजली. "पडते… न्हाई तर वाजते. तिला बंद करून आले होते मी…"

गाडी पडली नाही. वाजली नाही. थरथरलीसुद्धा नाही. सोजराबाई घाबरली होती, पण त्या भीतीच्या आत एक दुसरीच गोष्ट होती. ती बघत होती आणि तिच्या मनात येत होतं, काय तोल! ह्या नव्या यंत्रावरसुद्धा, काय तोल!

"चला… हळूहळू चला," कहकशा म्हणाली. पोरगी घाबरली होती, पण तिनं हात वर केला, वाट दाखवली, सोडून पळाली नाही. तिघी निघाल्या. मागची गुणगुणही निघाली.

सांडव्यापाशी भिंत अरुंद होते. एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला काळं पाणी. तिथं सोजराबाईचं धैर्य पहिल्यांदा सुटलं आणि तिनं खाली पायांकडं बघितलं. लगेच गाडी डगमगली. चाक कडेवर गेलं, कडेची माती निसटून पाण्यात पडली, दांडा हातातून सुटायला लागला…

"पायाकडं नको बघू, सोजरे…"

कानाशीच. कोरडा, उन्हात तापलेला आवाज. तिला सोजरे म्हणणारं माणूस आता ह्या जगात कुणी राहिलं नव्हतं. हनुवटीखाली काहीतरी लागलं, खरखरीत, बोटासारखं. मान वर झाली. नजर लांब गेली. गाडी सरळ झाली.

तिघी फाटकाशी पोचल्या, उतरल्या, तेव्हा चौथी गाडी आपल्या जागेवर उभी होती. फळीवर ओल्या पांढऱ्या मातीत दोन पावलं उमटली होती. कहकशानं पिशवीची चेन उघडली. खडा नव्हता. विश्वंभर तेव्हा पलीकडं दिवे लावायला गेला होता. तो परत आला, त्यानं गाडी बघितली, आणि भांडण पेटलं ते मी सुरुवातीला सांगितलंच.

"ऐकून राहिलीस का, कहकशा?" तो अजून बोलतच होता. "तुझ्या अब्बाला फोन करतो मी आत्ता."

भिंतीला टेकून कहकशानं डोळे मिटले.

"कर फोन," सोजराबाई पुढं झाली. "आन् त्यास्नी समदं सांग. तिघींच्या संगं चौथी कुणी धाडली ते बी सांग."

"मी? मी कुणाला धाडलं?"

"तारेत हात घालून कुणी उचललं? 'चल गं' म्हणून कुणी बोलावलं?"

"अहो बाई, तो खडा हाय!" विश्वंभर हसला. हसू तोंडावरच राहिलं, डोळ्यांत आलं नाही. "नुसती रीत हाय ती. आन् तुमीच ना म्हणलात, आमी असलं सोडलंय?"

"मी सोडलंय. तू पाळतोस ना? मग पुरती पाळ. खडा कुठं हाय?"

"मला काय माहीत? पिशवीत आसंल."

"पिशवीत न्हाई," ऐश्वर्या बारीक आवाजात म्हणाली.

"मग पडला आसंल कुठं. मला उशीर होऊन राहिला." कहकशाची चावी त्यानं डाव्या मुठीत घट्ट धरली होती. मोटरसायकलची किल्ली काढायला उजवा हात पँटच्या खिशात घातला. हात तिथंच अडकला. मग हळूहळू हात बाहेर आला.

तळहातावर तो खडा होता. निळसर काळा, टोकदार. ओला होता, आणि त्याच्यावरची पांढरी माती विश्वंभरच्या बोटांना लागली होती.

बाहेर बागेतले सगळे दिवे लागले होते. बाभळीखालचा तेवढा लागला नव्हता. तिथून गुळाचा आणि भाजलेल्या पिठाचा वास येत होता, आणि आता तो विश्वंभरलाही येत होता, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"बाई…" तो म्हणाला. "बाई, हे…"

सोजराबाईनं पदर सारखा केला, मान ताठ केली आणि अंधाराकडं लांब बघत म्हणाली, "आधी पोरीची चावी पोरीच्या हातात दे, मग खडा जिथला तिथं नेऊन ठेव, विश्वंभरा… आन् वाटंत मागून अनवाणी पावलं वाजली तर वळून बघू नको, तिच्या डोक्यावर भरलं टोपलं असतं."